बिनसहीचं रिव्हॉल्व्हर

"मागं घे. आनि मागं. हां, थांब!"

आबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक टेकेल इतके पुढं वाकले.

"प्रमिले, नंबर वाच."

"आबा, चहा निवला तुमचा. मागच्या रविवारीही असंच म्हणालात आणि ते दुसरंच निघालं."

"नंबर वाच म्हंतोय न्हवं!"

मी फोटो मोठा केला. जुन्या काळ्या लोखंडावर बारीक आकडे खोदलेले होते. "चार, एक, शून्य..."

"सात, दोन, सहा," आबा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते. आणि पडद्यावर खरोखरच सात, दोन, सहा होतं.

"मुठीखाली बग. दोरी अडकवायची कडी पितळेची हाय का? एका अंगाला चपटी?"

कडी पितळेची होती. एका अंगाला चपटी होती.

"मीच केल्याली हाय ती. काडतुसाच्या पुंगळीची. मूळची लोखंडी मोडली व्हती," असं म्हणून आबा खुर्चीत मागं टेकले आणि त्यांनी निवलेला चहा एका घोटात संपवला.

ही २०१० सालातली गोष्ट. मी गडहिंग्लजच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. घरात कॉम्प्युटर आला, त्याला इंटरनेट जोडलं आणि आबांना दर रविवारी लेकीची आठवण यायला लागली. सकाळच्या एसटीनं यायचे, जावयाला 'काय पाव्हनं, बरं हाय न्हवं?' एवढं विचारायचे आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढायचे. परदेशात जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरांचे लिलाव कॉम्प्युटरवरून होतात, हे त्यांना माझ्याच नवऱ्यानं, अनंतनं, एकदा गमतीनं दाखवलं होतं. ती गंमत आम्हाला चांगलीच भोवली. शंभर वर्षांपूर्वीची रिव्हॉल्व्हरं, कुणाची मूठ अक्रोडाच्या लाकडाची, कुणावर पलटणीचं नाव कोरलेलं. शौकीन लोक घरबसल्या बोली लावायचे आणि विकत घेऊन काचेच्या कपाटात ठेवायचे. लोकांचे वडील म्हातारपणी देवळात जातात, आमचे रिव्हॉल्व्हरं बघायला येतात, असं मी शाळेत सांगायचे आणि बाया हसायच्या. पण आबा काय शोधतात ते मला ठाऊक होतं. त्यावरून घरात हसण्याची कुणाची छाती नव्हती.

आमचं गाव चंदगड तालुक्यातलं, फौजींचं. घरटी एक माणूस लष्करात. तिथं माणसाला नावानं कुणी ओळखत नाही, हुद्द्यानं ओळखतात. सुभेदारांची विहीर, नायकांची म्हैस, हवालदारांची सून. दाराच्या पाटीवर हुद्दा, लग्नपत्रिकेत हुद्दा आणि माणूस गेला की चावडीवरच्या फळ्यावरही आधी हुद्दा. माझे वडील रवळू विठोबा गावडे तेरा वर्षांच्या नोकरीत हवालदार झाले, आणि घरी आले ते शिपाई होऊन. दंडावरच्या तिन्ही फिती काढून घेतलेल्या, पेन्शन नाही. गावानं त्यांना 'रवळू शिपाई' करून टाकलं. गावात शिपाई म्हणून निवृत्त झालेले आणखी तिघं होते, पण त्यांना कुणी तोंडावर शिपाई म्हणत नसे.

कारण होतं हे रिव्हॉल्व्हर. पलटणीची हत्यारं ठेवायची कुलूपबंद खोली असते, तिला कोत म्हणतात. आबा कोत-हवालदार होते. तिथला नियम एकच, रजिस्टरात सही केल्याशिवाय हत्यार उंबऱ्याबाहेर जात नाही आणि परत आलं की त्या सहीवर काट मारायची. १९७४ साली मोजणी झाली तेव्हा एकतीस नंबरचा खण रिकामा निघाला. त्यात पहिल्या महायुद्धातलं एक वेबली रिव्हॉल्व्हर असायचं, पलटणीच्या जुन्या नावाची अक्षरं कोरलेलं. वापरातलं नव्हतं, पण पलटणीचा मान होतं. रजिस्टरात सही नव्हती. खोलीची किल्ली आबांकडं. चौकशी झाली, कोर्ट मार्शल झालं, आणि माणूस घरी आला.

नेमकी त्याच वर्षी आमच्या घरावर मंगलोरी कौलं चढली. पैसे आईच्या भावानं दिले होते, पण गावाला कौलं दिसली, मामा दिसला नाही. रवळूनं सरकारी रिव्हॉल्व्हर विकून घर शाकारलं, ही गोष्ट मी शाळेत जायच्या आधी शाळेत पोचली होती. पंधरा वर्षांची असताना मी एकदा भांडणात त्यांना विचारलंच, "विकलंत का हो खरंच?"

आबा चिडले नाहीत. म्हणाले, "इकलं न्हाई गं. कुठं ठेवलं त्ये आठवंना झालंय."

हे उत्तर मला विकण्यापेक्षा वाईट वाटलं होतं. खोटंही नीट बोलता येत नाही यांना, असं मी मनात म्हणाले होते. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तर ते रिव्हॉल्व्हर आता आमच्या पडद्यावर होतं. अमेरिकेतल्या एका लिलावघराच्या यादीत. लिलावाला बारा दिवस होते.

"खाली काय लिवलंय?" आबांनी विचारलं.

मी वाचू लागले. "दुर्मीळ लष्करी रिव्हॉल्व्हर, सन १९१७. हिंदुस्थानी पलटणीचं नाव कोरलेलं. स्थिती उत्तम. टेक्सास इथं राहणाऱ्या निवृत्त कर्नल एम. जी. सबनीस यांच्या खासगी संग्रहातून..."

आबांनी हात वर केला. मी थांबले.

"परत वाच. नाव."

"कर्नल एम. जी. सबनीस. ओळखता?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग जे बोलले ते छत्तीस वर्षांत त्यांनी आईलाही सांगितलेलं नव्हतं.

"शनवार व्हता. मेजर सबनीस साहेब कोतावर आले. मेसमदी पाव्हनं येनार व्हतं, त्यास्नी दावायला एकतीस नंबर पायजे म्हनले. मी रजिस्टर फुडं केलं. साहेब म्हनले, 'गावडे, हात भरलेत रे माझे, सोमवारी करतो सही.' आता साहेबाला न्हाई कसं म्हनायचं? दिलं. सोमवारी साहेबांची बदली झाली. म्होरं मोजनी आली."

"मग चौकशीत सांगितलं नाहीत तुम्ही?"

"सांगितलं की. त्यांनी साहेबास्नी इचारलं. साहेबांचं लिवून आलं, 'त्याच सांजच्याला गावडेच्या हातात परत दिलं.'" आबांनी कपाळावरून हात फिरवला. "साहेबानी लिवलंय म्हंजे दिलंच आसंल. मला वाटलं, माझ्याच ध्यानातनं गेलं. रोज आठवून बगायचो. कपाट, पेटी, पेटीमागं, दारामागं. साहेबानी दिलं, मी घेतलं, आनि ठेवलं कुठं? रातच्याला झोपंत बी हुडकायचो."

छत्तीस वर्षं हा माणूस स्वतःच्या डोक्यात रिव्हॉल्व्हर शोधत होता आणि ते साहेबाच्या ट्रंकेतून अमेरिकेला गेलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. मी इतकी संतापले की पुढचा अर्धा तास मी काय बोलले ते मलाच आठवत नाही. अनंत आतून धावत आला. आबा मात्र शांत होते. तोंडावर चक्क उजेड आला होता.

"म्हंजे मी येडा न्हवतो," ते म्हणाले. "प्रमिले, आपुन ते घिऊया."

"काय?"

"इकत घिऊया. माजी पान्याजवळची वीस गुंठं काढतो. घ्यायचं, आनि कोतात जमा करायचं. मग रजिस्टर पुरं हुईल. मग फिती परत द्याव्याच लागत्यात."

अनंतनं त्याच संध्याकाळी लिलावात नाव नोंदवायला घेतलं. नाव झालं, पत्ता झाला, आणि तिसऱ्या पानावर आम्ही अडकलो. तिथल्या परवानाधारक बंदूक-विक्रेत्याचं नाव लिहा, हत्यार त्याच्याच ताब्यात मिळेल. आमच्या ओळखीचा अमेरिकेतला एकमेव माणूस अनंतचा आतेभाऊ, आणि तो दाताचा डॉक्टर. शिवाय भारतात पाठवणार नाही असं तळाशी ठळक अक्षरांत होतंच. मग मी लिलावघराला पत्र लिहिलं, की हे हत्यार भारतीय पलटणीचं आहे, विकू नका. दुसऱ्या दिवशी शिष्टाचाराचं उत्तर आलं. चोरीची पोलिसांतली नोंद पाठवा, चौकशीचे कागद पाठवा, विचार करू. पोलिसांत नोंद कुठली, सगळं पलटणीतल्या पलटणीत झालेलं. आणि चौकशीच्या कागदाची नक्कल मागायची असते, हे शिपाई होऊन गाडीत बसलेल्या माणसाला कोण सांगणार? पलटणीलाही मी लिहिलं. तिथून पोच आली, ती लिलाव होऊन पाच महिन्यांनी.

आबा त्या रविवारी गावाकडं गेलेच नाहीत. रोज सकाळी ते रिव्हॉल्व्हर उघडायला लावायचे, हाय का अजून जाग्यावर असं बघायचे. आणि रोज बोली वाढलेली असायची. टोपणनावाची तीन माणसं एकमेकांवर चढत होती. आम्ही नुसते बघत होतो. हातात माऊस होता, पण तो दाबून काही होणार नव्हतं.

"साहेब हयात हैत का?" पाचव्या दिवशी आबांनी विचारलं.

गावातल्या गोविंद सुभेदारांकडं पलटणीच्या मेळाव्याची यादी होती, त्यात टेक्सासचा फोन नंबर निघाला. संध्याकाळी सात वाजता, तिकडं सकाळ असताना, मी फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. साहेबांच्या मुलानं उचलला. मी फक्त 'पलटणीतले गावडे बोलणार आहेत' एवढंच सांगितलं. थोड्या वेळानं एक म्हातारा, खणखणीत आवाज आला.

"कोण? कोत गावडे? अरे लेका, जिवंत आहेस तू अजून?"

आबा ताडकन उठून उभे राहिले. बाहत्तर वर्षांचा, गुडघे धरलेला माणूस माझ्या स्वयंपाकघराच्या दारात टाचा जुळवून उभा राहिला.

"जी साब! राम राम साब!"

"काय आवाज रे तुझा, अगदी तसाच! मुलंबाळं? शेती? माझी ही गेली रे चार वर्षांपूर्वी. मुलाकडं असतो. थंडी फार इथं डिसेंबरात. तुझ्या हातचा तो कोताबाहेरचा चहा आठवतो बघ मला."

दहा मिनिटं साहेब बोलत होते. सगळं आठवत होतं त्यांना. कुत्र्याचं नाव, ड्रायव्हरचं नाव, कुठल्या साली कुठली स्पर्धा जिंकली ते. मी खुणा करत होते, विचारा, विचारा. शेवटी आबांनी घसा खाकरला.

"साब, ते एकतीस नंबर..."

"अरे हो! विकतोय ते. मुलाला हत्यार घरात नकोय. काय सुंदर चीज होती! तूच दिली होतीस ना मला, निघताना. आठवण म्हणून."

मी आबांकडं बघितलं. त्यांचा हात पँटीच्या शिवणीला चिकटलेला होता.

"जी साब," ते म्हणाले.

"आबा!" मी ओरडले. त्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं.

"साब, येक अर्ज व्हता. त्येची सही ऱ्हायली हाय. रजिस्टरात. तेवढी मिळाली असती तर बरं झालं असतं."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "सही? आता? अरे रजिस्टर कुठं राहिलंय! बरं, पाठव कागद, करतो. तुझ्यासाठी करतो."

मी त्या रात्री आबांशी बोलले नाही. आबांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी माझ्या मुलीच्या वहीचं कोरं पान घेतलं, पट्टी घेतली आणि रकाने आखले. तारीख, हत्यार, नंबर, कुणी दिलं, कुणी घेतलं, सही. अक्षर कोरून काढावं तसं काढलं. १९७४ सालची तारीख घातली आणि सहीचा रकाना मोकळा ठेवला. सकाळी अनंतनं ते पान स्कॅन करून पाठवलं. आबांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि कॉम्प्युटरसमोर बसून राहिले.

"आबा, तिकडं आता लोक झोपलेत."

"ऱ्हाऊ दे. उठतील की."

तीन दिवसांनी उत्तर आलं, मुलाचं. लिलाव दोन दिवसांवर होता. वडिलांची प्रकृती बरी नसते, वकिलाच्या सल्ल्यानुसार ते कुठल्याही कागदावर सही करणार नाहीत, क्षमस्व. मात्र वडील तुमच्याबद्दल फार प्रेमानं बोलतात. त्यांच्या आठवणीनुसार मी एक पत्र तयार केलं आहे. गावडे यांनी त्यावर सही करून पाठवली, तर हत्याराचा पूर्वेतिहास स्पष्ट होईल. लिलावात अशा कागदाला फार महत्त्व असतं.

सोबत पत्र होतं. मी ते एकटीनंच वाचलं आणि पुसून टाकायला बोट पुढं केलं. हे त्यांना दाखवायचं नाही, काही आलंच नाही असं सांगायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. पण आबा मागं उभे होते.

"आलं न्हवं? वाच."

"त्यात काही अर्थ नाही, आबा. साहेब सही करत नाहीत. उलट तुमची मागताहेत."

"वाच तर खरं."

मी वाचलं. एक शब्दही गाळला नाही. रागाच्या भरात वाचलं, ऐका तुमच्या साहेबाचं कौतुक, असं म्हणून वाचलं. "मी, हवालदार रवळू विठोबा गावडे, कोत-हवालदार, असं लिहून देतो की क्रमांक ४१०७२६ चं रिव्हॉल्व्हर मी स्वतःच्या हातानं आणि स्वखुशीनं, कायमची भेट म्हणून मेजर एम. जी. सबनीस यांना दिलं..."

"थांब. पयलं काय म्हनलीस?"

"कुठलं?"

"पयलं. माज्या नावाआदी."

"हवालदार."

"इंग्रजीत तसं छापलंय?"

"हो."

"दाव."

मी त्या शब्दावर बोट ठेवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण एवढा शब्द त्यांनी तेरा वर्षांच्या नोकरीत शेकडो कागदांवर पाहिला होता. त्यांनी तो अक्षर अक्षर लावून वाचला. मग म्हणाले, "पेन दे."

"आबा, तुम्हाला कळतंय का यात काय लिहिलंय? तुम्ही सरकारी रिव्हॉल्व्हर फुकट देऊन टाकलं, असं कबूल करताय तुम्ही! चौकशीत जे सिद्ध झालं नाही ते तुम्ही स्वतःच्या सहीनं लिहून देताय. गाव म्हणत होतं ते खरं करताय!"

"कळतंय मला."

"खोटं आहे ते."

"खोटं हाय. पन हवालदार लिवलंय." ते माझ्याकडं बघत नव्हते. "छत्तीस वर्सांत कागदावर कुनी लिवलं न्हाई, प्रमिले. फिती काय आता मिळनार न्हाईत, मला ठावं हाय. रिव्हॉल्व्हर बी मिळनार न्हाई. येवढं तरी मिळतंय."

मी अनंतकडं बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. मी रडले, भांडले, जेवणार नाही म्हणाले. शेवटी प्रिंटर लावला तो मीच. आबांनी टेबलावर हात ताठ ठेवून मराठीत सही केली, र. वि. गावडे, आणि खाली कुणी न सांगता हुद्दा लिहिला.

अनंतनं कागद लगेच स्कॅन करून पाठवला; मूळ कागद टपालानं पाठवायला मी पाकिटात घालायला घेतला तर आबांनी मनगट धरलं.

"त्यास्नी झेरॉक्स धाड. असल हितं ऱ्हाईल."

लिलाव झाला. पत्र यादीत जोडलेलं होतं, त्यामुळं बोली बरीच वर गेली म्हणे. मी बघितलं नाही आणि आबांनीही परत कधी रिव्हॉल्व्हरं बघायला कॉम्प्युटर लावायला सांगितला नाही. त्यांनी चंदगडच्या बाजारात त्या कागदाला काचेची फ्रेम करून घेतली आणि घरात दारासमोर, येणाऱ्याला दिसेल अशी टांगली. त्यानंतर सात वर्षं जगले.

या सात वर्षांत मी गावी गेले की तेच व्हायचं. कुणी ना कुणी ओट्यावर बसलेलं असायचं. आबा सांगायचे, अमेरिकेतनं आलंय, साहेबानी धाडलंय. गावात तेव्हा इंग्रजी धडपणे येणारी माणसं कमी होती, आणि जी होती ती मुंबई-पुण्याला. कुणी शिकलेला पाहुणा फ्रेमजवळ गेला की माझा जीव वर-खाली व्हायचा. भिंतीवरून ती काढून टाकण्याची हिंमत मला झाली नाही आणि ती टांगलेली बघवतही नव्हती.

एकदा खुद्द गोविंद सुभेदार आले. आबांनी मला हाक मारली. "प्रमिले, वाचून दाव सुभेदारास्नी."

मी फ्रेमसमोर उभी राहिले. "मी, हवालदार रवळू विठोबा गावडे, कोत-हवालदार..." आणि तिथं थांबले.

"फुडं?" सुभेदारांनी विचारलं. "फुडं काय लिवलंय, बाई?"

मी पदरानं फ्रेमची काच पुसायला लागले.

"फुडं नुसता नंबर हाय रिव्हॉल्व्हरचा," आबा घाईनं म्हणाले. "तुमी चहा घ्या."

सुभेदारांनी चहा घेतला. निघताना चपला घालता घालता ते फ्रेमकडं बघून म्हणाले, "बरं हवालदार, येतो मी."

आबा दारापर्यंत त्यांना सोडायला गेले आणि ते वळणापलीकडं दिसेनासे होईपर्यंत तिथंच उभे राहिले.